खारीक, खरीफ आणि ओमानीकरण

ओमानीकरणाची नवी यादी जाहीर झाली की मस्कतमधल्या मराठी घरांत दोन दिवस दुसरा विषय नसतो. कुठल्या हुद्द्यांचे व्हिसा बंद झाले, कुणाच्या कार्डावर कुठला हुद्दा लिहिलाय, कुणाचं नूतनीकरण कधी आहे, सगळा हिशेब फोनवरून सुरू होतो. मग गुरुवार उजाडतो आणि तेच फोन पुन्हा वाजतात. "वीकेंडला कुठे? फिन्सला जायचं का सिफाला?" बातम्या घाबरण्यासाठी आणि समुद्र ती भीती विसरण्यासाठी, अशी आपली सोयीस्कर वाटणी आहे. अधूनमधून 'कल्चर' म्हणून ऑपेरा हाऊसचा एखादा कार्यक्रम, फोटोसकट.

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते इथल्या मित्रमंडळींना फारसं रुचत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर ते सांगायला गेलं की कुणीतरी पटकन भाजी वाढायला घेतं. म्हणून एकदा इथे नीट लिहूनच टाकते.

ओमानीकरण योग्य आहे. आपल्या गैरसोयीचं आहे, कधीकधी ते आंधळेपणाने राबवलं जातं, पण मूळ गोष्ट योग्य आहे.

भारतातल्या नातेवाइकांसाठी थोडं सविस्तर सांगते. इथे बाहेरच्या माणसाला कामाचा व्हिसा मिळतो तो एका ठरावीक हुद्द्यासाठी, एका ठरावीक मालकाच्या नावाने. तुम्ही इथे वीस वर्षं राहा की तीस, नोकरी संपली की मुक्काम संपला. सरकारने १९८८ पासून धोरण धरलंय की खाजगी नोकऱ्यांमध्येही ओमानी माणसांचं प्रमाण वाढवत न्यायचं. प्रत्येक क्षेत्राला टक्केवारी ठरवून दिलेली असते, ती पाळली नाही तर कंपनीला नवे व्हिसा मिळत नाहीत. काही हुद्दे बाहेरच्यांना पूर्णच बंद. २०१८च्या जानेवारीत एकदम ८७ हुद्द्यांचे नवे व्हिसा सहा महिन्यांसाठी थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. त्यात आयटी होतं, मार्केटिंग होतं, एचआर, विमा, हिशेबनीस, काही प्रकारचे इंजिनिअर... म्हणजे पुण्या-मुंबईहून इथे येणारा माणूस साधारण जे काम करायला येतो ते बहुतेक सगळंच. २०२१ मध्ये मॉलमधल्या दुकानांतले कॅशियर आणि विक्रेते यांची पाळी आली.

आता हे सरकारला का करावंसं वाटतं? यासाठी सोहारला जावं लागेल. मस्कतहून गाडीने दोन-अडीच तासांवर. मोठं बंदर, रिफायनरी, अॅल्युमिनियमचा कारखाना, सगळं तिथे आहे. धंद्याच्या बातम्यांत सोहारचं नाव गेली वीस वर्षं 'गुंतवणूक' या शब्दाला चिकटून येतं. आणि त्याच सोहारच्या ग्लोब राउंडअबाउटवर २०११च्या फेब्रुवारीत तरुण मुलं येऊन बसली. त्यांचं मागणं साधं होतं, आमच्या गावात एवढे कारखाने आलेत, मग आम्हाला काम का नाही? पोलिसांच्या कारवाईत माणूस गेला. सुलतान काबूस यांनी ५०,००० नोकऱ्या आणि काम शोधणाऱ्यांना महिना १५० रियाल भत्ता जाहीर केला. दहा वर्षांनी, २०२१च्या मे महिन्यात, सुलतान हैथम यांच्या काळात, सोहारमध्येच तरुण पुन्हा रस्त्यावर उतरले. मागणं तेच.

मंडळी, हे ऐकून तुम्हाला दुसरं काही आठवत नाही का? मला तरी आठवतं. १९६६ साली मुंबईत शिवसेना स्थापन झाली ती हाच प्रश्न घेऊन. हापिसांतल्या टायपिस्टच्या आणि कारकुनांच्या जागा कुणाला मिळतात, कारखाना इथला आणि कामगार बाहेरचा असं का, हे तेव्हाचे सवाल. त्या पक्षाच्या पद्धती मला पटोत न पटोत, प्रश्न खोटा नव्हता. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असं महाराष्ट्र सरकारचंही धोरण आहे. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आपण सुटीत घरी गेलो की तावातावाने बोलतो. 'भूमिपुत्र' हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो! आणि विमान मस्कतला उतरलं की तोच माणूस म्हणतो, "या ओमानींना काय येतं? आपण नसतो तर देश चालला नसता."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. मुंबईबद्दल बाहेरून आलेलं कुणी हेच बोललं तर आपल्याला किती झोंबतं, ते आठवून बघा.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की, आपण इथे पडेल ते काम केलं, आयुष्याची उमेदीची वर्षं दिली, त्याचं काहीच नाही का? आहे ना. त्याचा पगार घेतला. त्या पगारातून ठाण्यात आणि कोथरूडमध्ये फ्लॅट झाले, मुलांची शिक्षणं झाली, आजवर त्या पगारावर प्राप्तिकर भरावा लागला नाही. करार स्पष्ट होता आणि दोन्ही बाजूंना परवडला. पाहुण्याने पानात वाढलेलं कौतुकाने जेवावं, घराच्या सातबाऱ्यावर नाव चढवण्याची अपेक्षा धरू नये.

पण पाहुण्यालाही काही हक्क असतात, आणि इथे मी सरकारच्या सगळ्याच गोष्टींना माना डोलावणार नाही. बरीच वर्षं इथे ना-हरकत पत्राची भानगड होती. जुन्या मालकाने 'एनओसी' दिली नाही तर दुसरीकडे नोकरी धरता यायची नाही, देश सोडून दोन वर्षं बाहेर बसावं लागायचं. २०१४च्या जुलैपासून हा नियम पुन्हा कडक झाला होता. चांगले मालक पत्र देत, वाईट मालक त्या कागदावर माणसाला वर्षानुवर्षं नाचवत. अखेर १ जानेवारी २०२१ पासून ही अट गेली. आता करार पूर्ण झाला की माणूस दुसरीकडे जाऊ शकतो.

त्या वेळी आपल्याकडे ही बातमी 'आपल्याला फायदा' म्हणून वाचली गेली. पण हिचा फायदा ओमानी तरुणालाही तितकाच होता, हे कुणी बोललं नाही. मालकाच्या बाजूने विचार करा. एक माणूस असा आहे जो सोडून जाऊच शकत नाही, पगारवाढ मागताना दहा वेळा विचार करतो, जास्त तास थांबायला सांगितलं तर थांबतो. दुसरा माणूस या देशाचा नागरिक आहे, त्याला किमान पगार ठरलेला आहे आणि तो उद्या राजीनामा देऊ शकतो. मालक कुणाला घेईल? बाहेरचा माणूस जितका बांधलेला तितका तो स्वस्त, आणि तो जितका स्वस्त तितकं ओमानी तरुणाला काम मिळणं कठीण. आपली बेडी तुटणं आणि त्याला नोकरी मिळणं या एकाच दोरीच्या गाठी आहेत. यादीतले ८७ हुद्दे मोजत बसण्यापेक्षा ही गोष्ट समजून घेतली असती तर आपल्या बैठकींत जरा अक्कल आली असती. असो.

धंद्याच्या बातम्यांत आपलं दुसरं लाडकं सदर म्हणजे रियालचा भाव. रियाल डॉलरला बांधलेला आहे, १९८६ पासून एक रियाल म्हणजे २.६००८ डॉलर. त्यामुळे रियाल वर गेला असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे आपला रुपया खाली गेलेला असतो. २०१३च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला तेव्हा पैसे पाठवणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या आणि लोक पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आपल्याच देशाचं चलन घसरल्यावर आनंद मानणारी आपण बहुधा जगातली सर्वांत विचित्र देशभक्त जमात आहोत. (मीसुद्धा त्या रांगेत होते. उगाच साळसूदपणा नको.)

२०२५च्या जूनमध्ये प्राप्तिकराचा हुकूम निघाला तेव्हाही असाच गोंधळ. ४२,००० रियालच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर ५ टक्के, आणि तोही २०२८च्या जानेवारीपासून. ४२,००० रियाल म्हणजे भारतीय हिशेबात कोटीच्या आसपास जाणारी रक्कम. ज्यांचा पगार त्याच्या पावपटही नाही अशा लोकांनीही आठवडाभर उसासे टाकले.

पण रियालवरून एक गंमत सांगायची राहिली. रियालचे एक हजार भाग म्हणजे बैसा. बैसा म्हणजे आपला पैसा! अरबी लिपीत 'प' नाही, म्हणून 'ब'. ओमानमध्ये कितीतरी वर्षं भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताची परकीय गंगाजळी आटायला लागली तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा छापल्या. बाकीचे देश एकेक करून आपापल्या चलनाकडे वळले, ओमान मात्र १९७० पर्यंत आपल्या रुपयावर होता. म्हणजे आज ज्या दुकानात आपण भाव बघून नाक मुरडतो, तिथेच आपल्या आजोबांच्या तरुणपणी रिझर्व्ह बँकेच्या नोटा चालत होत्या.

आणि इथून मला खरं बोलायचंय त्या गोष्टीकडे येते. या देशाची संस्कृती आपल्याला परकी वाटते, कारण आपण ती ऑपेरा हाऊसमध्ये शोधतो. २०११ साली उघडलेली ती वास्तू सुंदरच आहे, संगमरवर बघत राहावा अशी, माझं काही म्हणणं नाही. राष्ट्रीय संग्रहालय २०१६ पासून आहे, तेही बघाच. पण ओमान खरा भेटतो तो आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याला पत्ताही नसताना.

डिंकाच्या लाडवांत आपण खारीक घालतो. ती येते कुठून? इतर ठिकाणांहूनही येते, पण ओमानच्या शर्किया भागात, बिदिया वगैरे गावांकडे, मबसली जातीचा खजूर होतो. तो उन्हाळ्यात अर्धवट पिकलेला असतानाच उतरवतात, मोठमोठ्या कढयांत उकळतात आणि वाळूवर पसरून कडक उन्हात वाळवतात. त्या उकळण्याच्या हंगामाला तिथे तबसील म्हणतात, घरचं कार्य असावं तसं सगळं गाव त्यात असतं. तो वाळलेला खजूर गेल्या कित्येक पिढ्या मुख्यतः एकाच देशात जातो. आपल्याकडे. ओटीत खारीक, सुंठवड्यात खारीक, बाळंतिणीच्या लाडवांत खारीक. आता सांगा, ही 'त्यांची' संस्कृती का 'आपली'?

रस्त्याकडेच्या टपरीवर गाडीतूनच हॉर्न वाजवून ज्याची ऑर्डर देतात तो 'करक चाय' म्हणजे आपला कडक चहा. आणि सलालाच्या पावसाळ्याला इथे म्हणतात खरीफ. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत ढोफारचे डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकायला बसतात, आणि सगळ्या आखातातून लोक पावसात भिजायला येतात. आपला खरीप हंगाम तो हाच अरबी शब्द. त्यांच्याकडे त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू, आपल्याकडे तो ज्वारी-बाजरीला चिकटला. तिकडचे आणि इकडचे ढग आणतात ते वारेसुद्धा एकच, नैर्ऋत्य मोसमी. सासरी माहेरची बरणी सापडावी तसं मला हे दर वेळी वाटतं.

मत्र्याच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर आपण पाहुण्यांना घेऊन जातो, सूकमध्ये लुबान आणि चांदीचे खंजीर दाखवतो, फोटो काढतो आणि निघतो. त्याच रस्त्यावर एक मोठा दरवाजा आहे, त्याच्या आत सूर अल-लवातिया ही जुनी वस्ती. तिथल्या लवाती लोकांची घरची भाषा सिंधी-कच्छीच्या नात्यातली आहे आणि ते पूर्ण ओमानी आहेत. शेजारी बलुची बोलणारे ओमानी आहेत, कारण ग्वादर हे आता पाकिस्तानात असलेलं बंदर १९५८ पर्यंत ओमानचं होतं. झांझिबारहून परतलेले, स्वाहिली बोलणारे ओमानी आहेत. कच्छच्या मांडवीहून १८७० मध्ये आलेल्या भाटिया कुटुंबाने उभी केलेली खिमजी रामदास ही पेढी आजही आहे, आणि त्या घराण्यातले कनकसी खिमजी यांना सुलतानांनी शेख ही पदवी दिली होती. हिंदू शेख! जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळच शंकराचं देऊळ आहे, मोतीश्वर. महाशिवरात्रीला तिथली रांग बघावी.

आणि या सगळ्यांच्या जोडीला आपले कोकणी लोक होतेच. रत्नागिरी, रायगडकडची मुसलमान घरं, ज्यांच्यात बोटीवर खलाशी म्हणून जाणं पिढीजात. आम्ही 'मस्कतचे मराठी लोक' म्हणून गणपतीच्या कार्यक्रमाची यादी करतो तेव्हा त्यात इंजिनिअर आणि बँकवाले असतात. घरात कोकणी मराठी बोलणारा खेड-चिपळूणकडचा ड्रायव्हर किंवा मेकॅनिक त्या यादीत क्वचित असतो. परदेशी नोकरदार म्हटलं की एसी गाडी आणि वीकेंडची कूलबॉक्स डोळ्यांपुढे येते. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, कारण बाहेर करपून जाईल असं ऊन असतं, आणि ही बंदी ज्याच्यासाठी आहे तोही परदेशी नोकरदारच आहे. त्याचा वीकेंड एकाच दिवसाचा, शुक्रवारचा. शुक्रवारी संध्याकाळी अझैबाच्या किनाऱ्यावर तो क्रिकेट खेळताना दिसतो.

तर आता किनारा. नातेवाईक मंडळी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून सांगूनच टाकते. कुरुमपासून सीबपर्यंत शहराला लागूनच समुद्र आहे, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरही जाता येतं. पूर्वेला डोंगर थेट पाण्यात उतरतात, कंतब, यिती, सिफा ही गावं त्या डोंगरांच्या कुशीत. सूरच्या रस्त्याला बिम्माचं ते हिरव्या पाण्याचं विवर, पुढे फिन्सचे पांढरे खडे, तिवीची वाडी. सूरमध्ये 'फतह अल-खैर' हे जुनं लाकडी गलबत जपून ठेवलंय. अशा गलबतांचं सागवान यायचं मलबारहून. त्याच्याही पुढे रास अल-जिंझ, जिथे हिरवी कासवं रात्री अंडी घालायला वर येतात. तिथे माणसाबरोबरच, ठरलेल्या गटानेच जावं आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवावा. आपल्या वेळासला कासव महोत्सव होतो म्हणून आपण जेवढे हळवे होतो, त्याच्या निम्मा हळवेपणा इथेही दाखवायला हरकत नाही. फ्लॅश मारणाऱ्यांत मराठी आवाज ऐकू आले की लाज वाटते.

पण मला किनाऱ्याची सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळी आहे. मॉलमध्ये आपण गिऱ्हाईक, ऑफिसात कर्मचारी, सरकारी खिडकीपुढे कार्डावरचा एक नंबर. वाळूवर ओमानी पोरं फुटबॉल खेळत असतात, बाजूला बंगाली मजूर क्रिकेट, आजीबाई चटईवर कॉफीचा थर्मास घेऊन बसलेल्या, कुणीतरी मिश्काक भाजत असतं, आणि हाक मारून खजूर हातावर ठेवतं. इथे कुणी कुणाचा स्पॉन्सर नसतो. या देशात वेगवेगळ्या पगारांची माणसं एकाच चटईच्या अंतरात दिसण्याची जागा ती एवढीच उरलीय.

आणि म्हणूनच धंद्याच्या पानावरची पुढची बातमी मला व्हिसाच्या यादीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. २००६ च्या कायद्याने परदेशी लोकांना ठरावीक पर्यटन संकुलांमध्ये घर विकत घेण्याची मुभा मिळाली. घराबरोबर राहण्याचा परवानाही. मस्कतमध्ये 'द वेव्ह', म्हणजे आताचं अल मौज, तसं आहे. सिफाला आहे, कंतबच्या बाजूला आहे, सलालाला आहे. आमच्या ओळखीतले काही जण तिथे घर बघायला गेले होते आणि परत येऊन एकच सांगत होते, "समुद्र अगदी दारात आहे, आणि बाहेरचं कुणी येत नाही."

बाहेरचं कुणी येत नाही! ज्याच्या बापजाद्यांनी तिथून होडी पाण्यात लोटली, तो आता बाहेरचा.

मी संकुलांच्या विरोधात सरसकट नाही. तेल संपणार आहे, देशाला दुसरं काही उभं करायला हवं, पर्यटनातून ओमानी मुलांना नोकऱ्या मिळणार असतील तर चांगलंच. शिवाय नोकरी गेली तरी राहता येईल असा एक तरी रस्ता असावा, हे कुणाला नको वाटेल? पण आपण गोव्याचे शेजारी आहोत, आपल्याला हे आधी दिसायला हवं. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांना ट्रॉलरवाल्यांविरुद्ध रस्त्यावर यावं लागलं. त्यानंतर किनाऱ्यावर हॉटेलं आली आणि कितीतरी ठिकाणी गावकऱ्याला आपल्याच समुद्राकडे जायला गल्ली शोधावी लागते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून तिथल्या गावांमध्ये जमीन कुणी घेतली, कुणी विकली, हा विषय निघाला की लोकांचे आवाज चढतात. मालवणला मुंबईच्या माणसाने कुंपण घातलं की आपण चिडतो. इथे कुंपणाच्या आतला फ्लॅट परवडला की पार्टी देतो.

बातिनाच्या किनाऱ्यावर आजही जाळं गोल सोडून वाळूवरून ओढतात. आपली रापणच ती, फक्त दोर ओढायला माणसांच्या जोडीला पिकअप गाडी असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच थांबले. गाडीच्या रिव्हर्स गिअरचा आवाज आणि जाळ्यात चमचमणारी तारली. अशा कोळ्याला विचारा त्याला ओमानीकरणाबद्दल काय वाटतं. तो हसेल. त्याचा धंदा ओमानीच आहे, त्याला काळजी आहे ती जाळं ओढायला वाळू शिल्लक राहील का याची. ही काळजी धंद्याची बातमी आहे, संस्कृतीची आहे, आणि शनिवारी चटई कुठे अंथरायची याचीही आहे.

आमच्या मंडळाच्या यंदाच्या बैठकीत मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, वार्षिक सहल बंद दाराच्या रिसॉर्टमध्ये न नेता एखाद्या गावच्या मोकळ्या किनाऱ्यावर न्यावी आणि मासळी तिथल्याच कोळ्यांकडून घ्यावी. दोन, तबसीलच्या दिवसांत एक बस बिदियाला न्यावी. पहिली सूचना बायकांसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून पडली, आणि तो मुद्दा खोटा नाही, त्यावर काहीतरी तोड काढायला हवी. दुसऱ्या सूचनेवर कुणीतरी म्हणालं, "जुलैत? ४५ डिग्रीत? खारीक बघायला?"

पाच नावं मात्र आली आहेत. त्यातलं एक खेडच्या ड्रायव्हरभाईंचं. बस ते स्वतः चालवणार म्हणाले.

आणि हो, सुरमईचं विचारणाऱ्यांसाठी: १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर इथे तिच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्या दिवसांत येऊन "ताजी सुरमई का नाही" म्हणून रुसू नका. यायचं तर नोव्हेंबरात या. इथे तिला कनद म्हणतात. मत्र्याच्या बाजारात सकाळी सातच्या आत पोचलं तर चांगली मिळते, आणि कापून देणाऱ्याला 'तुकडी जाड' हे मराठीत सांगितलं तरी कळतं.